अँटेनाचे तोंड

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरावर आकाशाकडे तोंड करून बसलेली एक गोल तबकडी असेल. माझ्या लहानपणी अशी तबकडी कुणाकडे नव्हती. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर कौलारू घरांच्या वर, माडांच्या झावळ्यांच्या शेजारी, ॲल्युमिनियमच्या कांड्यांचे अँटेना उभे असत. दुरून पाहिले, तर मोठ्या माशाचा काटा कुणीतरी खांबावर अडकवून ठेवला आहे, असे वाटे. कावळ्यांची ती बसायची आवडती जागा होती. अशाच एका अँटेनाची आणि मी बोललेल्या एका खोट्याची ही गोष्ट आहे.

आमचे घर मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीजवळ. ओट्यावर उभे राहिले, की समोर समुद्रात जंजिरा किल्ला दिसे. गावातले बरेच पुरुष मासेमारीला जात आणि बरेच नोकरीसाठी आखाती देशांत असत. माझे अब्बा कुवेतमध्ये एका दुकानात हिशेब लिहीत. दोन वर्षांतून एकदा ते घरी येत. अशाच एका सुट्टीत त्यांनी टीव्ही आणला आणि मागच्या पडवीच्या भिंतीला लोखंडी खांब लावून त्यावर अँटेना चढवला. चढवण्याचे काम केले मास्तरांनी. मास्तर शाळेत शिकवत नसत. ते कोळीवाड्यात राहत आणि रेडिओ दुरुस्त करत. पण सारा गाव त्यांना मास्तरच म्हणे.

त्या दिवशी मी मास्तरांच्या मागे मागे फिरून शंभर प्रश्न विचारले. त्यांनी एकाही प्रश्नाला कंटाळून उत्तर दिले नाही.

"हे बघ," ते म्हणाले, "इतक्या कांड्या आहेत, पण वायर फक्त एकीलाच जोडायची. ही चपट्या कड्यासारखी दिसते ना, ती. लहर पकडते ती हीच. तिच्या मागची कांडी थोडी लांब. ती आरशासारखी काम करते, लहर पुढे परतवते. पुढच्या कांड्या थोड्या आखूड. त्या लहरीला वाट दाखवतात. म्हणून आखूड कांड्यांचे टोक मुंबईकडे ठेवायचे."

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्याचा उंच मनोरा वरळीला होता. आमच्या गावापासून तो सरळ रेषेत सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर, उत्तरेला आणि किंचित पश्चिमेकडे. या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला, तर त्या अडतात. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे फार दूर गेल्यावर जमीनच त्यांच्या आड येते. म्हणून खांब उंच हवा आणि तोंड नेमके हवे.

कांड्यांची लांबीही उगीच ठरवलेली नसते. 300 ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. लहर 60 मेगाहर्ट्झची असेल, तर तिची लांबी 5 मीटर होते आणि ती पकडणारी कांडी त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे अडीच मीटर लागते. अमेरिकेत सामान्य माणसे आपसांत बोलण्यासाठी 27 मेगाहर्ट्झचे रेडिओ वापरतात. ती लहर 11 मीटरांची. म्हणून असा रेडिओ हौसेने घरी ठेवणाऱ्यांना छपरावर साडेपाच मीटर लांब कांड्यांचा अँटेना चढवावा लागतो. तुम्हीही हे गणित वहीत करून पाहा.

या अँटेनाला यागी-उदा अँटेना म्हणतात. जपानमधील सेंदाई शहरातल्या विद्यापीठात 1926 च्या सुमारास तो तयार झाला. बहुतेक प्रयोग शिंतारो उदा यांनी केले. परंतु हिदेत्सुगु यागी यांनी त्याविषयी इंग्रजीत लेख लिहिला आणि जगात यागींचेच नाव गाजले. खुद्द जपानने मात्र त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. असे सांगतात, की 1942 मध्ये सिंगापूर जिंकल्यावर जपानी सैनिकांना इंग्रजांच्या कागदांत 'यागी' हा शब्द दिसला आणि त्याचा अर्थ त्यांना लागेना. शेवटी एका इंग्रज कैद्याने सांगितले, की हे तर तुमच्याच देशातल्या प्राध्यापकाचे नाव आहे!

आता माझ्या गोष्टीकडे वळतो.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकच्या सैन्याने कुवेत ताब्यात घेतले. ही बातमी आमच्या घरी रेडिओवर आली. त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो. त्या दिवसापासून अब्बांचे पत्र नाही, फोन नाही. आमच्या गल्लीतल्या तीन घरांत हीच अवस्था होती. अम्मी स्वयंपाक करी, आम्हांला जेवू घाली. पण तिचे लक्ष घरात नसे. काही दिवसांनी समजले, की तिथले भारतीय बसने इराकमधून जॉर्डनला जात आहेत आणि अम्मान शहरातून एअर इंडियाची विमाने त्यांना मुंबईला आणत आहेत. पुढच्या दोन महिन्यांत अशा रीतीने एक लाखाहून जास्त माणसे परत आली.

रेडिओवर बातमी कळत होती. पण अम्मीला टीव्ही हवा होता. ती म्हणे, "रेडिओ आकडा सांगतो. मला चेहरे बघायचे आहेत." विमानातून उतरणाऱ्या माणसांत अब्बा दिसतील, अशी तिला आशा होती.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या टीव्हीवर मुंग्या वाढल्या. पावसाळा ऐन भरात होता. चित्र फिकट होत गेले, आवाज खरखरू लागला. मला वाटले, मी हे दुरुस्त करीन. मी विचार केला, की बातमी कुवेतची आहे आणि कुवेत समुद्रापलीकडे आहे. मग अँटेनाचे तोंड मुंबईकडे कशाला? कुणाला न सांगता मी पाना घेतला, शिडीवरून चढलो, क्लँपचे नट सैल केले आणि खांब फिरवून कांड्यांची टोके जंजिऱ्याच्या बाजूला, उघड्या समुद्राकडे केली. नट पुन्हा आवळले. तेवढ्यात सर आली. खाली येऊन टीव्ही लावला, तर पडद्यावर मुंग्यांशिवाय काहीच नाही. पुन्हा वर जाऊन खांब मागे फिरवावा, तर आधी तो नेमका कुठे होता, हेच मला आठवेना. खूण केलीच नव्हती.

मुलांनो, मी चढलो तसे तुम्ही कधी चढू नका. ओल्या कौलांवर पाय घसरतो. लोखंडी खांब विजेच्या तारेला लागला, तर जीव जातो. आकाशात विजा चमकत असतील, तर अँटेनाच्या जवळही जाऊ नये. हे मला तेव्हा कळत नव्हते.

अम्मीने मास्तरांना बोलावले. ते भिजत आले. अंगणातूनच त्यांनी वर पाहिले.

"भाभी, अँटेना तर समुद्राकडे बघतोय! वाऱ्याने फिरला की काय? कुणी हात तर नाही लावला?"

अम्मीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "वाऱ्यानेच फिरला असेल."

एवढे एकच वाक्य. मास्तरांनी त्यावर विश्वास ठेवला. ते म्हणाले, "वाऱ्याने फिरला म्हणजे क्लँपची पकड गेली. नुसता वळवून उपयोग नाही, रात्री पुन्हा फिरेल. उद्या मुरूडच्या बाजारातून नवा क्लँप आणतो."

त्या संध्याकाळी आमचा टीव्ही बंद राहिला. मगरिबच्या नमाजानंतर शेजारची चाची धावत आली. तिच्या माहेरी, वरच्या आळीत, टीव्ही दिसत होता. "विमान दाखवलं!" ती म्हणाली. "मुंबईला उतरलेली माणसं दाखवली. बायका होत्या, लहान मुलं होती." अम्मीने विचारले, "आणि आमचे?" चाचीला सांगता येईना. चेहरे भराभर निघून गेले होते. अम्मी काहीच बोलली नाही. ती आत गेली आणि बराच वेळ दुआ मागत बसली. मी अंथरुणात पडून राहिलो. मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर नवा क्लँप घेऊन आले. शिडीवर चढून त्यांनी जुना क्लँप सोडवला, उलटसुलट करून पाहिला आणि हातातच धरून ते थोडा वेळ थांबले. क्लँप मजबूत होता. नटांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. त्यांनी खाली माझ्याकडे पाहिले. ते काही म्हणण्याच्या आधीच मी म्हणालो, "मास्तर, वाऱ्याने नाही. मी फिरवला."

अम्मी दारात उभी होती. तिनेही ऐकले. मला वाटले, आता मार बसणार. पण मास्तर शांतपणे म्हणाले, "हे काल सांगितलं असतंस, तर कालच वळवला असता. अरे पोरा, अँटेना चुकला तर मला शोधता येतं. सांगणारा चुकला तर मी कुठे शोधू?"

मग ते म्हणाले, "चल, आता माझा मदतनीस हो. खाली टीव्हीपाशी बस. दिसेल तेच सांग. दिसलं नाही तर 'नाही' म्हण. मला बरं वाटावं म्हणून 'आलं' म्हणू नकोस."

त्यांनी खांब हळूहळू उत्तरेकडे वळवला. थोडे वळवून ते थांबत आणि वरून ओरडत, "आलं का?" मी खालून सांगे, "नाही!" मग, "थोडं आलं!" मग, "सावली दिसते, एका माणसाची दोन माणसं दिसतात!" मास्तर म्हणाले, "लहर डोंगरावर आपटून दुसऱ्या वाटेनेही येतेय. अजून थोडा वळवतो." सावली गेली, पण मुंग्या राहिल्याच. तोंड आता बरोबर होते, तरीही चित्र फिकट होते.

"म्हणजे दोष दोन आहेत," मास्तर म्हणाले. "एक तू केलास, दुसरा आधीपासून होता. आता एकेक तपासू. दोन गोष्टी एकदम हलवायच्या नाहीत, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही."

आधी त्यांनी टीव्हीच्या मागची जोडणी पाहिली. ती ठीक होती. मग चपटी वायर हाताने चाचपत ते भिंतीवरून वर गेले. एका ठिकाणी ती लोखंडी खांबाला चिकटून बांधलेली होती. ती त्यांनी सोडवून खांबापासून दूर केली. कारण अशी वायर धातूला चिकटली किंवा भिजली, की लहर वाटेतच कमी होते. शेवटी ते अँटेनापर्यंत पोचले. वायर जिथे कांडीला जोडली होती, तिथले झाकण उघडले, तर आत पांढरी भुकटी आणि गंज. आमच्या किनाऱ्याची हवा खारी. तांब्याची तार आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि त्यांवर खारे पाणी पडले, की धातू हळूहळू झिजतो व भुकटी होते. त्या भुकटीतून लहर नीट पुढे जात नाही.

मास्तरांनी काचपेपरने सारे घासून लख्ख केले, वायरचे काळे टोक कापून नवे सोलले, स्क्रू आवळले, वर ग्रीस लावले आणि टेप गुंडाळला. मग आवाज दिला, "आलं का?"

पडदा स्वच्छ झाला होता. मी ओरडलो, "आलं! मास्तर, आलं!" या वेळी ते अगदी खरे होते.

खाली उतरण्यापूर्वी त्यांनी रंगाने खांबावर आणि क्लँपवर एक सरळ रेघ ओढली. "पुन्हा कधी फिरला, तर ही रेघ जुळवायची," ते म्हणाले. अम्मीने त्यांना चहा दिला. पैसे त्यांनी फक्त वायरचे आणि टेपचे घेतले. क्लँप दुकानात परत केला.

त्यानंतर रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळी आमच्या घरात तीन घरांची माणसे जमत. मास्तरही येत. पडद्यावर विमान दिसले, की सगळे गप्प होत. अब्बा आम्हांला पडद्यावर कधीच दिसले नाहीत. सप्टेंबरच्या अखेरीस एका दुपारी ते स्वतःच एसटीतून उतरले. हातात एकच पिशवी होती आणि दाढी वाढलेली होती. अम्मीने मला मास्तरांकडे पिटाळले. मी कोळीवाड्यात धावत गेलो आणि लांबूनच ओरडलो, "मास्तर, आले!" मास्तरांना कोण, हे विचारावे लागले नाही.

पुढे तबकड्या आल्या आणि कांड्यांचे अँटेना निकामी झाले. आमचा खांब तरीही बरीच वर्षे उभा होता. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा माडांबरोबर तोही कोसळला. त्या वादळात वीज गेली, मोबाईल मुके झाले आणि कितीतरी घरांना आपल्या माणसांची खबर मिळेना. मला 1990 चे दिवस आठवले. अशा वेळी हौशी रेडिओ चालवणारी माणसे उपयोगी पडतात. बॅटरीवरचा लहानसा संच आणि नीट लावलेला अँटेना, एवढ्यावर ती दूरवर निरोप पोचवतात. त्यासाठी सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला कोणीही ती परीक्षा देऊ शकतो. तुमच्यापैकी कुणी ती अवश्य द्यावी.

आणि कधी अँटेना लावण्याची वेळ आलीच, तर मास्तरांचे बोलणे लक्षात ठेवा. आपले मन ज्या दिशेला लागले आहे, तिकडे अँटेनाचे तोंड करून चालत नाही. लहर जिथून येते, तिकडेच ते करावे लागते. हलवण्याआधी खूण करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि वरचा माणूस विचारील, "आलं का?" तेव्हा जे दिसत असेल, तेच सांगा.

स्वाध्याय

1. लेखकाने अँटेनाचे तोंड समुद्राकडे का वळवले?
2. 'वाऱ्यानेच फिरला असेल' या वाक्यामुळे काय घडले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
3. मास्तरांनी दोष शोधताना कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने तपासल्या?
4. खरे सांगितल्यामुळे अडचण दूर झाली, असा तुमचा एखादा अनुभव आठ-दहा ओळींत लिहा.