नुसतं आभाळ भरून येतं

नातू सुट्टीला आलाय. दिवसभर माइनक्राफ्ट! परवा त्याच्याजवळ गहू निवडत बसले होते. पडद्यावर आभाळ काळं झालं, पण त्याच्या घरावर थेंब नाही. पलीकडच्या गवतावर मात्र धो धो.

"आजी, पाऊस सगळीकडे एकदमच सुरू होतो, पण वाळवंटात फक्त ढग येतात. थंड प्रदेशात आणि उंच डोंगरावर बर्फ पडतो."

माझा हात थांबला. माहेर माझं माण तालुक्यातलं. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे ५००च्या आसपास. सह्याद्रीच सगळं अडवून घेतो. १९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांची. वडिलांचं किराणा दुकान, सगळी उधारी पिकाच्या भरवशावर. दुपारी ढग आले की वडील वही मिटून ओट्यावर येऊन उभे राहायचे. संध्याकाळी आभाळ मोकळं. त्या वर्षीची निम्मी उधारी त्यांनी मागितलीच नाही.

नातवाने वाळवंटात माती आणून गहू लावला. चार ठोकळ्यांच्या आत पाणी असलं की शेत ओलं राहतं म्हणे. आणि ते पाणी? चौकोनी खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या ओतल्या की कितीही उपसा, आटत नाही. मी कॉमर्सवाली, जमा दोन बादल्या, खर्च अमर्याद, हा ताळेबंद मला काही जुळेना.

"तुम्ही का नाही केलं असं?"

विहिरीच्या तळातून वाटीवाटीने घागर कशी भरायचो ते सांगितलं. त्याने खेळ थांबवला.

"मग घर दुसरीकडे का नाही बांधलं?"

भाऊ अजून तिथेच राहतो. फोन लावून दिला. म्हटलं, मामाआजोबांनाच विचार.