दोन आज्ञांच्या मध्ये

मायक्रोकंट्रोलरमधील प्रोग्रॅम एकेक आज्ञा क्रमाने पार पाडत असतो. परंतु कळ दाबली जाणे, सिरियल तारेवरून अक्षर येणे किंवा टायमरची मोजणी पूर्ण होणे या घटना त्या क्रमासाठी थांबत नाहीत. प्रत्येक उपकरणाकडे पुन्हा पुन्हा चौकशी करत राहणे, म्हणजेच पोलिंग, हा त्यावरचा साधा मार्ग असला, तरी चौकशीची फेरी लांबली की घटना निसटते. म्हणून घटनेनेच प्रोसेसरला हटकावे अशी सोय त्याच्या रचनेतच केलेली असते. तिला इंटरप्ट म्हणतात.

आर्डुइनो उनो बोर्डवरील एटमेगा ३२८पी या चिपमध्ये घटना घडताच तिचा फ्लॅग, म्हणजे नोंद ठेवणारा एक बिट, उभा राहतो. इंटरप्टना मुभा असेल तर हातातली आज्ञा संपल्यावर पुढील आज्ञेचा पत्ता स्टॅकवर ठेवला जातो, इतर इंटरप्ट तात्पुरते रोखले जातात आणि २६ नोंदींच्या व्हेक्टर तक्त्यातून त्या घटनेच्या हँडलरकडे, म्हणजे तिच्यासाठी लिहिलेल्या कोडकडे, उडी घेतली जाते. याला किमान ४ क्लॉक सायकल, म्हणजे १६ मेगाहर्ट्झ वेगाला पाव मायक्रोसेकंद लागतो. वापरात येणारी रजिस्टरे जपून ठेवण्याचे काम येथे कंपायलरने लिहिलेल्या आज्ञा करतात. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम३ मध्ये मात्र ८ रजिस्टरे हार्डवेअर स्वतःच स्टॅकवर ठेवते.

सॉफ्टवेअर इंटरप्ट प्रोग्रॅम स्वतःहून मागवतो. कॉर्टेक्स-एममधील एसव्हीसी ही त्यासाठीची आज्ञा असून, ऑपरेटिंग सिस्टिमकडे सेवा मागण्यासाठी ती वापरतात. ती कोठे येणार हे कोडमध्ये लिहिलेलेच असते, तर हार्डवेअर इंटरप्ट कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये येऊ शकतो, आणि खरी कसोटी तेथेच लागते.

समजा, हँडलर १६ बिटांचा एक मोजणी-आकडा वाढवतो आणि मुख्य प्रोग्रॅम तो वाचतो. एटमेगा ८ बिटांची असल्याने हे वाचन दोन हप्त्यांत होते. आकडा २५५ असताना खालचा बाइट, म्हणजे २५५, वाचून झाला आणि तेवढ्यात इंटरप्ट येऊन आकडा २५६ झाला, तर वरचा बाइट १ मिळतो आणि प्रोग्रॅमच्या हाती ५११ ही कधीच अस्तित्वात नसलेली संख्या पडते. व्हेरिएबलला व्होलाटाइल म्हटल्याने कंपायलर ते दर वेळी मेमरीतून वाचतो इतकेच. वाचन अखंड होत नाही. त्यासाठी इंटरप्टची आधीची स्थिती नोंदवून ते रोखावेत, दोन्ही बाइट वाचावेत आणि ती स्थिती पूर्ववत करावी. हे रोखणे आणि हँडलर, दोन्ही आटोपशीर असले पाहिजेत, कारण १,१५,२०० बॉड वेगाने येणारे अक्षर दर ८७ मायक्रोसेकंदांना दारात उभे असते.

एडस्गर डाइक्स्ट्रा यांचा १९५९ चा ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील प्रबंध एक्स१ या संगणकाच्या इंटरप्ट हाताळणीविषयीच होता, आणि इंटरप्टमुळे यंत्राचे वर्तन पुन्हा जसेच्या तसे घडवता येत नाही याची धास्ती वाटल्याचे त्यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे. वरची चूकही अशीच आहे. सायकल-दोन सायकलींची ती फट चाचणीच्या टेबलावर आठवडाभर न सापडता ग्राहकाच्या घरी पहिल्याच दिवशी गाठू शकते. म्हणून हँडलर आणि मुख्य प्रोग्रॅम या दोघांचाही हात लागणारे प्रत्येक व्हेरिएबल चाचणीला बसण्यापूर्वी कागदावर वेगळे काढावे आणि त्याचे प्रत्येक वाचन कोडमध्ये डोळ्यांनी तपासावे.