सगळी कडवी

आमच्या घरात पवित्र शास्त्राच्या शेजारी कायम आणखी एक पुस्तक असे, ‘उपासना संगीत’. मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. इतरांसाठी सांगते, आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेला जी गीतं गातात त्यांचा हा संग्रह. त्यात शंभराहून अधिक गीतं एकट्या नारायण वामन टिळकांची. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांचीही पुष्कळ. पुस्तकात नुसते शब्द. चाल पिढ्यान्‌पिढ्या तोंडी येते.

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, प्रतीचा पुठ्ठा कधीच गेला होता. आईने वर खाकी कागद घालून कडेने जाड दोऱ्याची शिवण मारली होती. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. समासात पेन्सिलीने टिपण करायची त्यांना सवय. एका गीतापुढे ‘धाकटीचा बाप्तिस्मा’. एकापुढे ‘दादांची माती’, आणि ते पान अंगठ्यांनी इतकं काळं पडलेलं की खालच्या ओळी वाचता येत नाहीत, पाठ असाव्या लागतात. एका उपकारस्तुतीच्या गीतापुढे मात्र ‘१९७२. विहीर आटली.’

दुष्काळात उपकारस्तुती कशाला, असं मी कॉलेजात असताना अण्णांना विचारलं होतं. ते म्हणाले, “त्या रविवारी मंडळीत तेच गीत ठरलं होतं. पाणी नाही म्हणून गीत बदलायचं होय?” एवढं बोलून ते वर्तमानपत्राकडे वळले. माझ्या उभ्या आयुष्यात मी ऐकलेल्या संदेशांपैकी हा सर्वांत लहान, आणि आजवर पुरलेला.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण गीतं सगळी कडव्यांसकट पाठ. आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली, त्यात पेटी, ढोलकी, टाळ आणि बसायला सतरंज्या. महिन्यातून एकदा पाळकसाहेब सायकलवरून येत आणि प्रभुभोजन होई. त्याच्या आदल्या संध्याकाळी आजी कंदील घेऊन निघायची, सोबतीला मी. एकदा ती चुलतजावेच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन घरांत बांधावरून वाद होता, बोलणं बंद होतं. आजी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “बाई, उद्या प्रभुभोजन हाय. माझं चुकलं आसंल तर मनातून काढ.” चूक तिची नव्हती, हे गावाला ठाऊक होतं. जाऊबाईंनी तोंड फिरवलं. मग बऱ्याच वेळाने चुलीवर चहाचं आधण ठेवलं. बांधाचा वाद काही मिटला नाही, पुढे तो तलाठ्याकडे गेला. पण दुसऱ्या दिवशी दोघी एका सतरंजीवर बसल्या आणि एका पेल्यातून प्याल्या.

ख्रिस्ती परंपरा जपायची म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला ही शनिवारची फेरी आठवते. पेटी-ढोलकी नंतर आठवते.

पुण्याला नोकरीला लागल्यावर मी इथल्या मंडळीत शब्बाथ शाळेचे वर्ग घेऊ लागले. नव्वदच्या दशकात गिटार आली, मग ड्रम, मग पडद्यावर दिसणारे शब्द. तरुण मुलं हिंदी-इंग्रजी कोरस गाऊ लागली आणि पुस्तकं बाकांच्या फळीवर नुसती पडून राहू लागली. वडील मंडळी चिडली. ‘आपली परंपरा बुडाली’ हे वाक्य प्रत्येक वार्षिक सभेत यायचं. पेटी हवी म्हणणारे एका बाजूला, गिटार हवी म्हणणारे दुसऱ्या बाजूला.

मला दोघांनाही टिळकांची गोष्ट सांगावीशी वाटे, आणि संधी मिळाली तेव्हा मी ती सांगितलीही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत पाय ठेवला १८१३मध्ये, अहमदनगरला ते आलं १८३१मध्ये. म्हणजे टिळक आले तेव्हा मंडळी चांगली रुजलेली होती आणि तिच्या गाण्यांत इंग्रजी वृत्तांवर, परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरं भरपूर होती. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, ओवीत आणलं. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते मोकळेपणाने सांगत. ज्या चालींना आज आपण जुन्या म्हणून कवटाळतो, त्या त्या काळी नव्या होत्या. पेटी स्वतःच परदेशातून आलेली.

त्यांच्या घराचीही गोष्ट आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा कविता म्हणून गेला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी. पुढे तो टिळकांच्या घरी राहिला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला लेकरासारखं वागवलं, त्याचे रुसवे काढले. तो हिंदू म्हणून आला आणि हिंदूच राहिला. टिळकांनी आपली श्रद्धा लपवली नाही, पातळ केली नाही, आणि त्या पोराला दारही बंद केलं नाही. तरुणांपर्यंत पोहोचण्याचे कार्यक्रम आखणाऱ्या समित्यांना मी हे घर दाखवत असते.

म्हणून चालीचं मला दुःख नाही. दुःख दुसरं आहे. नव्या गाण्यांतली बरीचशी मला उथळ वाटतात. त्यांत आनंद असतो, आशीर्वाद असतो, मी किती सुखात आहे हे असतं. पश्चात्ताप नसतो, शेजारी नसतो, मरण तर नसतंच. आणि जुनी गीतं गाताना आम्ही मोठी माणसं तरी काय करतो? वेळ नाही म्हणून पहिलं आणि शेवटचं कडवं घेतो. मधलं, जिथे स्वतःला अर्पण करायची भाषा असते, ते गाळतो. मुलांना अवघड जाईल म्हणून श्रद्धा सोपी करून द्यायची, हा आमच्या पिढीचा मोठा गैरसमज आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

हे मत मुलांनीच बनवलं. निवृत्तीनंतर तरुण संघ शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी जमू लागला. हिंजवडीत शिफ्ट करणारी, नर्सिंग शिकणारी, स्पर्धा परीक्षांना बसलेली मुलं. त्यांनी टिळकांची गीतं गिटारवर बसवली, मोबाइलवर रेकॉर्ड केली, यूट्यूबवर टाकली. माझी अट एकच होती, कडवं गाळायचं नाही. त्या अटीमुळे शब्दांवर बोलणं निघू लागलं, आणि मुलं असे प्रश्न विचारू लागली जे आम्ही कधी पाळकसाहेबांना विचारले नव्हते.

एकीने विचारलं, “मावशी, क्षमा करायची म्हणजे मार खाऊन गप्प राहायचं का?” तिच्या बहिणीच्या घरी काय चाललंय ते मला माहीत होतं. मी तिला आजीची गोष्ट सांगितली. आजीने जावेला क्षमा केली, पण बांध सोडला नाही. वाद तलाठ्याकडे नेला. ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात बहिणीला घेऊन वकिलाकडे गेली, आणि मी त्यांच्याबरोबर गेले.

दुसऱ्याचा प्रश्न सगळ्या मंडळीला लागणारा होता. त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. वधूवर मेळाव्याचा अर्ज त्याने माझ्यापुढे ठेवला. नाव, शिक्षण, मंडळी, बाप्तिस्म्याची तारीख, आणि खाली एक रकाना, ‘मूळ जात’. “ख्रिस्तात भेद नाही, असं पौल गलतीकरांना लिहितो, ते आम्ही तुमच्याकडूनच शिकलो,” तो म्हणाला. “मग हे काय?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कारण उत्तर असूच शकत नाही. आमच्या चार-पाच पिढ्यांनी एका पेल्यातून प्रभुभोजन घेतलं, आणि सोयरीक जुळवताना हलक्या आवाजात ‘मूळचे कोण?’ असं विचारत राहिलो. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ मांडला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली होती. आम्हाला आमच्याच घरातला भेद पुसता आला नाही. आणि तरुण पिढी मूल्यं सोडतेय म्हणून आम्ही काळजीत! ही मुलं मूल्यं सोडा म्हणत नाहीत. तुम्ही गाता तितकी तरी पाळा, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनी मला समजावलं. रकाना काढला तरी लोक विचारणारच, उगाच मंडळीत फूट नको. माणसं भली आहेत, हेतूही वाईट नाही. पण अण्णांची प्रत आता माझ्याकडे आहे, आणि पाणी नाही म्हणून त्यांनी गीत बदललं नव्हतं.

मुलांनी ठराव लिहिला आहे. मेळाव्याच्या अर्जातून तो रकाना वगळावा, आणि कुणीही तोंडी विचारणा करू नये, असं पाळकांनी व्यासपीठावरून सांगावं. भाषा त्यांची आहे, मी फक्त शुद्धलेखन तपासलं. एक वाक्य फार तिखट झालंय असं त्यांच्यातल्याच कुणाला वाटत होतं. मी म्हटलं, राहू दे. येत्या वार्षिक सभेत तो मांडायचा आहे. सूचक तो अर्ज माझ्यापुढे ठेवणारा मुलगा, अनुमोदक मी.