हीटर तापू दे!

वीकेंडला सातारा म्हणजे कास, कंदी पेढे, फोटो आणि रिटर्न. बरोबर? या वेळी मी साताऱ्याहून थेट सांगली गाठली. आप्पांच्या जीपमधून! सुमारे १२० किलोमीटर, ना एसी, ना म्युझिक. जीप गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची होती.

‘वडाप’ ऐकलंय? सातारा-सांगलीकडे शेअर जीपला हेच म्हणतात. आमची एमएम ५४० दहा वर्षं वडापला होती. आत पंधरा डोकी, मागे लटकणारे वेगळे. धोका होताच, त्याचं कौतुक नको. पण एसटी चुकली की कॉलेजला पोचवणारी तीच. माझी इंजिनीअरिंगची फीसुद्धा तिनेच भरली. आणि हॉस्टेलवर मी काय सांगायचे? ‘‘वडिलांचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस आहे.’’

निघताना मी घाईने चावी फिरवली.

‘‘अगं थांब की, हीटर तापू दे आधी!’’ आप्पा.

डिझेलला ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेनेच ते पेटतं. या इंजिनात ते आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं आणि गारठ्यात तो कप्पाच उष्णता खातो. म्हणून हीटर.

आणि हे इंजिन मूळचं फ्रेंच बरं का! प्यूजोने १९५९मध्ये ‘४०३’ कारला १,८१६ सीसीचं फोर-सिलिंडर डिझेल बसवलं. सिलिंडरचा व्यास ८५ मिलिमीटर. ‘४०४’साठी तो झाला ८८, ‘५०४’साठी ९०. १९६५मध्ये ‘४०४ डिझेल’च्या खास गाडीने ७२ तास ताशी सुमारे १६० किलोमीटरची सरासरी राखली होती! महिंद्राने १९७९मध्ये ‘एक्सडीपी ४.९०’चं लायसन्स घेतलं आणि ते इगतपुरीत बनू लागलं. ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर, नावातच सगळं! २,११२ सीसीचं हे इंजिन. त्याचं २,४९८ सीसीचं भावंड २०००मध्ये बोलेरोत आलं.

वडापवाल्यांची दुसरी लाडकी ट्रॅक्स. तिचं इंजिन मर्सिडीजच्या ‘ओएम ६१६’ घराण्यातलं. म्हणजे कराड स्टँडबाहेर रोज फ्रान्स विरुद्ध जर्मनी, आणि आरोळी मात्र ‘‘विटा, विटा, विटा!’’

कराडला प्रीतिसंगमावर चहा घेतला. पुढे पेठ नाका, आष्टा, दुतर्फा ऊस. आप्पा गप्पच होते.

सांगलीत गिऱ्हाईक निघालं माझ्याच वयाचं, जुन्या गाड्यांचं वेड असलेलं. बॉनेट उघडून त्याने विचारलं, ‘‘आधी कशाला वापरायचात?’’

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘वडापला,’’ मी म्हटलं. ‘‘दहा वर्षं. माझं शिक्षण हिच्यावरच झालं.’’

आप्पांनी फक्त टोपी सारखी केली.

त्याने लगेच चावी फिरवली. इंजिन घेईना.

‘‘थांबा,’’ मी म्हटलं, ‘‘हीटर तापू दे आधी.’’

परत आलो एसटीने, भडंग खात. विंडो सीट आप्पांना दिली.