मुरूडची पुळण आणि महर्षींचे गाव

मार्गशीर्ष-पौषात छत्रपती संभाजीनगरास पहाटे हुडहुडी भरते. समुद्राचे पाणी जमिनीपेक्षा सावकाश निवते, म्हणून त्याच दिवसांत कोकणकिनारा सुखोष्ण असतो. यंदा नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब दापोलीजवळील मुरूडास गेलो, त्याचे एक कारण हे. दुसरे असे की, घरातील मुलींस ते गाव दाखवावयाचे होते.

पुळण विस्तीर्ण, आणि नारळी-पोफळीच्या वाड्या तिच्या लगत. उत्तरेस हर्णैचे बंदर व समुद्रात सुवर्णदुर्ग. मुले लाटांत मनसोक्त डुंबली. वडील माणसे पाय भिजवून संतुष्ट झाली.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच गावी गेले. १८७५ साली ते परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. परंतु वयाने लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा स्वग्रामानेच त्यांस वाळीत टाकले. त्यांनीच १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. १९५८ साली ते भारतरत्न झाले. आज मुरूड त्यांचे नाव अभिमानाने सांगते.

हे ऐकून थोरल्या नातीने विचारले, "आजोबा, गावातले लोक वाईट होते का हो?"

"नाही बाळ," आम्ही म्हणालो, "आपल्यासारखेच होते."

सुटीत कोकणात जाणाऱ्या वाचकांनी पुळणीबरोबर हे गावही मुलांस अवश्य दाखवावे, आणि त्यांच्या प्रश्नांस उत्तर देण्याची तयारी ठेवावी.