चार वेगळ्या विहिरी

राहुरीत नगर-मनमाड रस्त्याला लागून मोटारी भरून देणारं एक दुकान होतं. दारात जळालेल्या पाणबुडी मोटारींचा ढीग, आत व्हार्निशचा वास. माझ्या गिटारचा आवाज स्वच्छ झाला तो याच दुकानात. ज्या मिस्त्रींनी तो केला, त्यांनी गिटार कधी हातात धरलेली नव्हती.

2008 सालची गोष्ट. मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो. पायाशी चार पेडल असायची: वाह, डिस्टॉर्शन, कोरस आणि डिजिटल डिले. चारही एकाच अ‍ॅडॅप्टरवर, माळेसारखी जोडलेली. पाथर्डी तालुक्यातल्या एका यात्रेत गायिकेनं हळुवार भक्तिगीत धरलं, आणि ती श्वासाला थांबली की माझ्या अ‍ॅम्प्लिफायरची घरघर मैदानभर ऐकू जायची. ती मला काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

कुणीतरी सुचवलं, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक. ते करून घ्यायलाच मी दुकानात गेलो होतो.

"घरघर जाईल," मिस्त्री म्हणाले, "पण एखाद्या दिवशी तूपण जाशील, बाळा. अर्थिंगला हात लावायचा नाही."

त्यांनी 9 व्होल्टच्या चार बॅटऱ्या आणायला लावल्या. प्रत्येक पेडल आपापल्या बॅटरीवर चालवलं आणि घरघर गेली. म्हणजे पेडल निर्दोष होती. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ; ती डीसी करताना 100 हर्ट्झची लहर उरते आणि गाळणी कमी पडली की ती कानावर येते. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा सूर 98 हर्ट्झचा, म्हणजे घरघर नेमकी माझ्या सुरांच्या घरात घुसलेली. शिवाय डिलेची डिजिटल किरकिर सामाईक मायनस वायरीतून डिस्टॉर्शनमध्ये शिरायची आणि तिथून कितीतरी पट होऊन बाहेर पडायची.

"एका विहिरीवर चार मोटारी टाकल्यात तू. एकीनं ओढलं की दुसरीला गाळ. प्रत्येकीला आपली विहीर पाहिजे."

मग त्यांनी ट्रान्सफॉर्मर भरला. एक प्रायमरी आणि 12 व्होल्टच्या चार सेकंडरी, एकमेकींना तारेनं कुठेही न जोडलेल्या. प्रत्येकीला स्वतःचा ब्रिज, 2200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 7809 रेग्युलेटर. मधली पिन मायनस ठेवायची, हे मात्र मी त्यांना सांगितलं. बहुतेक अ‍ॅडॅप्टरना ती प्लस असते, आणि उलटं झालं तर पेडल जळू शकतं. मी सांगितलेलं त्यांनी वहीत लिहून घेतलं. एवढ्या अनुभवी माणसानं माझ्यासारख्या पोराचं लिहून घ्यावं, हे मी विसरलेलो नाही.

तरीही वाह गुणगुणत होतं. त्याच्या पोटात तारेचं वेटोळं असतं, ते ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व पकडतं. मिस्त्रींनी डबा दीड फूट लांब नेला आणि हळूहळू फिरवत राहिले. एका कोनावर गुणगुण विरली. तिथे त्यांनी खडूनं रेघ मारली.

तांब्याचे आणि पट्ट्यांचे पैसे घेतले. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "तुझं वाजवणं ऐकीन तेव्हा घेईन." पण माझे कार्यक्रम उन्हाळ्यातले, आणि उन्हाळ्यातच त्यांच्या दारात जळालेल्या मोटारींची रांग. पिकं डोळ्यांदेखत वाळत असताना मिस्त्री गाणी ऐकायला येणार कसे? ते कधीच आले नाहीत. आता येणारही नाहीत.

गेल्या वर्षी कपॅसिटर बदलायला मी तो डबा उघडला. ट्रान्सफॉर्मरला गुंडाळलेल्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: प्रायमरी 1150 फेरे, सेकंडरी 63, चार वेळा. खाली तारेचे गेज. उद्या जळालाच, तर कुठल्याही गावचा मिस्त्री तो पुन्हा भरू शकेल, अशी ती सोय. कागद होता तसा गुंडाळला आणि झाकणाचे स्क्रू आवळले.