वापसा

आमच्याकडे घराचे जोते भरताना मुरमाचा थर टाकत, पाणी मारत आणि धुम्मसाने चोपत. पाणी कमी पडले तर भराव बसत नाही, जास्त झाले तर चिखल. हेच माप अमेरिकेत प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने १९३३ मध्ये प्रयोगाने मांडले. (आमच्या गवंड्याला ते मूठ वळून कळायचे, ते सोडा.)

गवंड्याला जे हवे, तेच शेतकऱ्याला नको. मातीतल्या पोकळ्या मिटल्या की हवा खेळत नाही, पाणी वर तुंबते, मुळे खाली जायची ती आडवी पसरतात. म्हणून वडील वापसा आल्याशिवाय रानात औत घालत नसत.

पुतण्याला वापसा कळत नाही असे नाही. पण अवकाळी पावसानंतर थांबला असता तर ऊसतोडीची टोळी दुसऱ्याच्या फडात गेली असती. भरलेल्या ट्रॉल्या ओल्या काळ्या रानातूनच निघाल्या. त्या चाकोऱ्यांवर खोडवा खुरटला. तो मोडून नांगरट केली, तरी पहार वीतभर जाते आणि अडते. दाब नांगराच्या फाळाखाली पोचलाय. आता उन्हाळ्यात रान कोरडे असताना सबसॉयलर लावायचा म्हणतो. भाडे किती, ते मी अजून विचारलेले नाही.